साक्ष, साखरपुडा आणि कॉलर माइक

मल्हारी गांगुर्डे यांना आपल्या कानांचा फार अभिमान होता. सारी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून गेली. साक्षीदार रडत बोलो, तंबाखू चघळत बोलो, नाहीतर वकिलाकडे बघून थरथरत बोलो, आपल्या हातून शब्द निसटला असं कधी झालं नाही, असं ते सांगायचे. निवृत्त झाल्यामुळे ते खोडून काढायला ऑफिसातलं कोणी समोर नसायचं, हीही सोय होती.

निवृत्तीनंतर त्यांनी लवादाची कामं घ्यायला सुरुवात केली. कोर्टात वर्षानुवर्षं चपला झिजवण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी मिळून एखादा जाणता माणूस नेमायचा आणि त्याच्यासमोर साक्षीपुरावे करून निकाल घ्यायचा, अशी ती पद्धत. गांगुर्ड्यांचा जाणता माणूस म्हणजे निवृत्त न्यायाधीश खैरनारसाहेब. अत्यंत शांत, अत्यंत शिस्तीचे. फक्त त्यांच्या उजव्या कानाने त्यांच्याही आधी निवृत्ती घेतली होती, आणि डावाही आता रजेवरच असायचा.

या दोघांकडे सटाण्याजवळच्या नाथा आणि जीवन बच्छाव या चुलतभावांचा तंटा आला. दोघांचा कांद्याचा धंदा भागीत. एका हंगामात साठवणीच्या चाळीतला सगळा कांदा आतून सडला, व्यापाऱ्यांनी माल परत पाठवला, आणि तेव्हापासून नाथा म्हणे जीवनने चाळ नीट राखली नाही, जीवन म्हणे नाथाने ओला कांदा आत भरला. वर्षभर दोघांचं बोलणं बंद. दोघांना मान्य असा साक्षीदार एकच, त्यांची आत्या झुंबरबाई. मळ्यात राहणारी, चाळ रोज डोळ्यांनी बघणारी, आणि या दोघांनाही हाताने भरवून मोठं केलेली.

झुंबरबाई बोलायची अहिराणी, आणि तीही पदराला सांगितल्यासारखी हळू. खैरनारसाहेब मूळचे बागलाणातले, त्यांना अहिराणी कळायची, पण ऐकू यायचं नाही. गांगुर्ड्यांना ऐकू यायचं, पण कळायचं नाही. पहिल्या तारखेला एकाने कान पुढे करायचा, दुसऱ्याने भुवया वर करायच्या, आणि दोन्ही वकिलांनी आपापल्या सोयीचा अर्थ सांगायचा, असं संध्याकाळपर्यंत चाललं. नोंद जेमतेम पानभर झाली. गांगुर्ड्यांच्या अभिमानाला ते फार लागलं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, “साहेब, पुढच्या वेळी मी माइक लावतो. तुम्हाला स्पीकरवर ऐकू येईल, मला रेकॉर्डिंग मिळेल. बाईंचा एकही शब्द सुटणार नाही.”

खैरनारसाहेबांना यातलं निम्मं ऐकू आलं, पण गांगुर्ड्यांचा चेहरा बघून त्यांनी मान डोलावली.

पहिला माइक गांगुर्ड्यांनी आणला तो टेबलावर ठेवायचा, चारी बाजूंचं ऐकणारा. घरी जेवणाच्या टेबलावर त्याची परीक्षा झाली. कुकरच्या शिट्ट्या आल्या, शेजाऱ्यांची मालिका आली, खालचा मेथीवाला आला. शिवाय त्यांची बायको मालनबाई आतल्या खोलीत बहिणीला फोनवर सांगत होती की आमच्यांना सध्या माइकचं खूळ लागलंय, घरात बोलायची चोरी झालीय, तेही अगदी स्वच्छ आलं. गांगुर्ड्यांनी ते तिला वाजवून दाखवलं आणि राग येण्याऐवजी त्यांना आनंदच झाला. भिंतीपलीकडचं ऐकणारा माइक समोरच्या झुंबरबाईंना काय सोडणार?

प्रत्यक्षात त्याने झुंबरबाईंनाच सोडलं. पंख्याचा वारा असा आला की जणू वादळ चाललंय. वकिलांनी कागद उलटला की पत्रे उडाल्यासारखा आवाज. कपबशी ठेवली की खैरनारसाहेब दचकून स्पीकरपासून मागे सरकत. आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी झुंबरबाई, सप्तशृंगी गडाच्या पायथ्याला उभं राहून वरच्या माणसाशी बोलावं तशी.

माइक माणसाच्या तोंडाजवळ हवा, हे गांगुर्ड्यांना आता पटलं. पुढच्या तारखेला त्यांनी वायरचा कॉलर माइक नेला आणि झुंबरबाईच्या पदराला चिमट्याने लावला. आवाज सुंदर आला. खैरनारसाहेबांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी पाऊस पडलेल्या शेतकऱ्यासारखा झाला. पण जीवनच्या वकिलांना येरझारा घालत प्रश्न विचारायची सवय होती. तिसऱ्या येरझारीत त्यांच्या बुटात वायर अडकली. रेकॉर्डर टेबलावरून उडाला, त्यापाठोपाठ पदर निघाला आणि पदरापाठोपाठ झुंबरबाई खुर्चीतून उठली. तिने पदर सावरला आणि वकिलांना, लहान मुलाला बसवावं तसं, हाताला धरून खाली बसवलं. त्या दिवशीचं कामकाज तिथेच थांबलं. रेकॉर्डरचं तर कायमचंच थांबलं.

तेव्हा ठरलं की आता वायर नकोच. गांगुर्डे मेन रोडवरच्या एका साउंडच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेवर एक वायरलेस सेट मांडला. पदराला लावायचा इवलासा माइक, कमरेला अडकवायची डबी आणि टेबलावर ठेवायचा, रेकॉर्डिंगही करणारा रिसीव्हर. गांगुर्ड्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि हा भरवशाचा आहे का, असं विचारलं. दुकानदार म्हणाला, काका, आख्ख्या नाशिकमध्ये हाच चालतो. लग्न घ्या, भजन घ्या, शाळेचं गॅदरिंग घ्या, हाच सेट.

सगळं गाव वापरतंय म्हणजे वस्तू खात्रीची, या हिशेबाने गांगुर्ड्यांनी सेट घेतला आणि घरी येऊन मालनबाईंना तेच वाक्य ऐकवलं. मालनबाई लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “सगळ्यांकडे आहे ती साडी मी तरी कधी घेत नाही.”

बायकांना साडीपलीकडे काही सुचत नाही, असं गांगुर्डे मनात म्हणाले. मोठ्याने म्हणण्याइतके ते नवखे नव्हते.

खैरनारसाहेबांच्या बंगल्याला रंग लागत होता, म्हणून पुढची तारीख गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर ठेवली होती. तिथे बैठकांसाठी छान खोली होती, एसी होता, पंख्याची कटकट नव्हती. खाली त्या दिवशी कोणाचा तरी साखरपुडा होता. जिन्यात अत्तराचा आणि जिलेबीचा वास येत होता. गांगुर्ड्यांनी खाली डोकावून पाहिलं, दारावर ‘तेजल आणि प्रफुल्ल’ अशी फुलांची पाटी होती. आपण वर, ते खाली, मध्ये चांगला जाड स्लॅब, तेव्हा काही अडचण नाही, असं म्हणून ते वर गेले आणि त्यांनी झुंबरबाईच्या पदराला माइक लावला.

आता ही वायरलेस भानगड काय असते, ते गांगुर्ड्यांना पुढे दुकानदाराने समजावून सांगितलं. तो माइक म्हणजे एक छोटंसं रेडिओ स्टेशन. एकाच जातीचे दोन सेट एकाच चॅनलवर ठेवले, की ज्याचा स्वतःचा माइक बंद असेल तो रिसीव्हर शेजारच्याचं ऐकत बसतो, मालनबाईंच्या शेजारणीसारखा. त्याला स्लॅब आडवा येत नाही. खाली साखरपुड्यातही तोच सेट होता आणि चॅनलही तेच होतं. आख्ख्या नाशिकमध्ये तोच तर चालत होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी झुंबरबाई खुर्चीत बसली, कमरेची डबी तिला टोचू लागली, म्हणून तिने ती नीट खोचली. खोचताना तिचं बटण सरकलं आणि माइक बंद झाला. नाथाच्या वकिलांनी विचारलं की चाळ कोणत्या महिन्यात भरली. झुंबरबाईचे ओठ हलले. आणि स्पीकरमधून एका भारदस्त पुरुषी आवाजात उत्तर आलं की आता मुलाच्या आईने मुलीची ओटी भरावी.

खैरनारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते नाथाच्या वकिलांना शांतपणे म्हणाले की प्रश्न प्रकरणाला धरून विचारा. वकील म्हणाले, मी तर महिनाच विचारला. तेवढ्यात स्पीकरने मुलीच्या मामांना फोटोसाठी बोलावलं, आणि मामा, पान थुंकून या, अशी सूचनाही दिली. जीवनच्या वकिलांच्या तोंडात पान होतं. ते अपमान झाल्यासारखे उठून उभे राहिले.

गांगुर्ड्यांची बोटं मात्र सवयीने चालूच होती. ओटी, मामा, पान, सगळं नोंदीत उतरत होतं. खैरनारसाहेबांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, “गांगुर्डे, एकही शब्द सुटणार नाही म्हणाला होतात. हे काय आहे?”

“सुटला नाही साहेब,” गांगुर्डे घाम पुसत म्हणाले. “थोडे जास्तीचे येतायत.”

त्यांनी उठून झुंबरबाईची डबी पाहिली, बटण बंद दिसलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. एवढंच होतं तर. त्यांनी बटण चालू केलं, आवाज पुरेपूर वाढवला, आणि बाईंना बजावलं की आता याला हात लावायचा नाही. झुंबरबाईने हात मांडीवर ठेवले. स्पीकरमधून तिचा श्वाससुद्धा ऐकू येऊ लागला. खैरनारसाहेब प्रसन्न झाले, वकील सावरून बसले आणि उलटतपासणी सुरू झाली.

खाली त्याच वेळी ओळखपरेड चालली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी माइकवर सांगितलं की आता आपण नवऱ्या मुलाची थोडक्यात माहिती ऐकू या, आणि ते माइक बंद करून खिशातली चिठ्ठी शोधू लागले. मंडपात शांतता पसरली. मुलगा उभा राहिला, त्याने केसांवरून हात फिरवला. आणि चारी कोपऱ्यांतल्या मोठाल्या स्पीकरमधून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, “वरथीन चांगला दखास, पन मझार सडेल शे.”

वरून चांगला दिसतो, पण आतून सडलेला आहे. एवढी अहिराणी नाशकात कोणालाही कळते.

पाठोपाठ वकिलांचा आवाज आला, म्हणजे समोरच्या पार्टीला दाखवताना चांगली बाजू वर करून दाखवला? म्हातारी म्हणाली, हां. घेणाऱ्याला आतली गोष्ट सांगितली होती का? म्हातारी म्हणाली, “कसाले सांगतीन? सांगं तर कोन लेई?” सांगितलं तर घेणार कोण, हेही सगळ्यांना कळलं.

मुलीचे वडील सायखेड्याचे शेतकरी. त्यांनी हातातलं ताट हळूच खाली ठेवलं. मुलाच्या आईने मुलाकडे पाहिलं, मुलाने स्वतःकडे पाहिलं. वकिलांनी विचारलं, वास येत होता? म्हातारीने सांगितलं की जवळ ग्यं का वास येस, आणि प्रफुल्लच्या शेजारी उभे असलेले दोन मित्र नकळत एकेक पाऊल बाजूला झाले. बिचारा प्रफुल्ल मान वाकवून स्वतःची कॉलर हुंगू लागला, ते तर फोटोतही आलंय. सूत्रसंचालक काका चिठ्ठी विसरून वायर उपटायला धावले आणि घाईघाईत त्यांनी एसीची वायर उपटली.

वर या कशाचाही पत्ता नव्हता. गांगुर्डे इतके खूश होते की त्यांनी टाइप करता करता एकदा डोळे मिटले. शब्द न् शब्द येत होता. मग जिन्यावर पावलं धडधडली, दार उघडलं आणि सफारी घातलेले एक गृहस्थ आत घुसले. ते प्रफुल्लचे वडील. मागे मुलीचे मामा, पान थुंकून आलेले. आमच्या मुलाची बदनामी करणारी बाई कोण, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी सवयीने साक्षीदाराच्या खुर्चीकडे पाहिलं.

प्रफुल्लचे वडील तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, अगदी पदरावरच्या माइकसमोर. रागावलेला माणूस आधी ओरडतो आणि मग हळवा होतो, तसं त्यांचं झालं. ते म्हणाले, “बाई, तुमचं आम्ही काय घोडं मारलंय? मोठ्या मुश्किलीने जमलंय हो हे. किती ठिकाणी नकार आले, पत्रिका दाखवून दाखवून चुरगळली. ही मुलगी तरी हो म्हणाली.”

खालच्या स्पीकरवर हे जास्तच गहिवरून ऐकू आलं. प्रफुल्लने, असं म्हणतात, डोळे मिटून घेतले.

झुंबरबाईला हा माणूस कोण, हेच कळेना. ती आपली शपथेवर होती. विचारलंय तर खरं सांगायला हवं, म्हणून तिने हात जोडले आणि सांगून टाकलं की भाऊ, त्याला वाचवायला आम्ही खूप केलं, पण उशीर झाला होता, तोपर्यंत त्याले कोंब फुटनात, म्हणजे फुटले होते. मामा मटकन खाली बसले. नाथाचे वकील आक्षेप घ्यायला उठले, जीवनचे वकील त्यांच्या आक्षेपाला आक्षेप घ्यायला उठले. मुलाचे वडील खैरनारसाहेबांना हा काय प्रकार आहे विचारत होते आणि खैरनारसाहेब त्यांना आधी वकीलपत्र दाखल करा म्हणत होते. नाथा आणि जीवन तर वर्षभरात पहिल्यांदा एकमेकांकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघण्यासारखं कुठे उरलं नव्हतं.

मुलाच्या वडिलांचं बोलणं खाली स्पीकरवर ऐकू येतंय, हे कुणीतरी जिन्यातून ओरडून सांगितलं तेव्हा गांगुर्ड्यांच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे आपला माइक खाली वाजतोय. म्हणजे ओटी, मामा आणि पान खालून वर आले होते. त्यांचे कान तापले. ज्या कानांवर सारं आयुष्य मिरवलं, त्यांच्या जिवावर आपण एका परक्या मुलीचं लग्न मोडत होतो. ते गर्दीतून वाट काढत झुंबरबाईपाशी पोहोचले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत वाकले आणि चाचपडत त्यांनी डबीचं बटण एकदाचं बंद केलं.

मग टेबलावरच्या स्पीकरमधून एका तरुण मुलीचा आवाज आला. हसू दाबून दाबून तो थरथरत होता.

“वरच्या मंडळींनो, मी तेजल बोलतेय. आमच्याकडे कांदाच पिकतो, त्यामुळे कोंब कशाला फुटतात ते आम्हाला ठाऊक आहे. मी प्रफुल्लला नीट तपासलंय, त्याला कोंब नाहीत. तेव्हा सासरेबुवांनी खाली यावं, आणि तुम्हीही सगळे जेवायला या. पानं वाढलीयत.”

प्रफुल्लच्या वडिलांनी खुर्ची ओढली आणि बसून पोटभर हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खैरनारसाहेबांना सगळा प्रकार डाव्या कानात दोनदा सांगावा लागला. समजल्यावर ते उठले, कोट घातला, आणि जेवणासाठी कामकाज तहकूब केलं.

पंगत मोठी छान झाली. गांगुर्डे खाली जाऊन आधी तेजलच्या वडिलांच्या आणि मग प्रफुल्लच्या पाया पडायला निघाले होते. प्रफुल्ल त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्याने त्यांना वरच्यावर धरलं आणि म्हणाला, काका, एवढं ऐकूनही ती हो म्हणाली, आता मला आयुष्यभर काळजी नाही. झुंबरबाईला तेजलच्या आईने मुद्दाम पाट मांडून बसवलं. तिच्या एका अंगाला नाथा बसला, दुसऱ्या अंगाला जीवन, जागाच तेवढी उरली होती. जिलेबी फिरली तेव्हा नाथाने ताट पुढे केलं, आणि जीवनने वाढप्याला सांगितलं की त्याला पाकातली आवडते, कडक देऊ नको. झुंबरबाईने आपल्या ताटातली जिलेबी मोडून अर्धी इकडे, अर्धी तिकडे टाकली.

तंटा मिटला असं नाही. पण पुढच्या तारखेला दोघे सटाण्याहून एकाच गाडीतून आले, आणि झुंबरबाई पुढच्या सीटवर होती.

त्या तारखेला काम एकच होतं. झालेली साक्ष झुंबरबाईला वाचून दाखवायची आणि तिची सही घ्यायची. गांगुर्डे एकेक ओळ वाचत होते, खैरनारसाहेब एकेक ओळ वगळायला सांगत होते. ओटी गेली, मामा गेले, पान गेलं, नकार आणि पत्रिकाही गेली. शेवटी एक ओळ राहिली. ‘आधी जेवून घ्या, मग काय भांडायचं ते भांडा.’

हे कोण म्हणालं, असं साहेबांनी विचारलं. दोन्ही वकिलांनी माना हलवल्या. गांगुर्ड्यांनी रेकॉर्डिंग घरी पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. आवाज घोगरा, दबका, पुरुषाचा की बाईचा तेही सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कबूल केलं की साहेब, आवाज ओळखता आला नाही.

झुंबरबाईने दोन्ही भाच्यांकडे पाहिलं.

“मीच बोलनी व्हती,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या ते.”

वकिलांनी हरकत घेतली नाही. नाथाने नाही, जीवननेही नाही. ओळ राहिली आणि खाली झुंबरबाईची सही झाली.

घरी आल्यावर गांगुर्ड्यांनी ही गोष्ट मालनबाईंना मोठ्या कौतुकाने सांगितली. काय बाई आहे, म्हणाले, सगळी खोली भांडत असताना तिला माणसांच्या जेवणाची काळजी. ऐक, म्हणून त्यांनी रेकॉर्डिंगचा तेवढा तुकडा वाजवला.

मालनबाईंनी तो ऐकला. परत वाजवायला सांगितला, परत ऐकला. मग त्या उठून ताटं घ्यायला लागल्या.

“काय झालं?” गांगुर्ड्यांनी विचारलं.

“काही नाही,” मालनबाई म्हणाल्या. “एक वाजून गेला की रोज मी हाच आवाज ऐकते. अहो, स्वतःचा आवाजसुद्धा ओळखू येत नाही का तुम्हाला?”